पेशावर : खिंडीचे शहर

मराठी भाषेत अटक हे गाव राहिलेले नाही. ते एक टोक झाले आहे. पराक्रमाची परिसीमा सांगावयाची झाली की आपण अटकेपार झेंडा लावतो. ज्याने नकाशा कधी उघडला नाही असा मनुष्यही हा वाक्प्रचार सहज वापरतो. परंतु त्या टोकाच्या पलीकडे काय होते, याची चौकशी आपल्या इतिहासलेखनात फारशी झालेली नाही. अटकेच्या किल्ल्याखाली सिंधू ओलांडून पश्चिमेस सुमारे ४५ मैल गेले म्हणजे डोंगरांनी तिन्ही बाजूंनी वेढलेले एक सपाट, सुपीक मैदान लागते. त्या मैदानाच्या पश्चिम भागात पेशावर वसले आहे. आणखी दहा मैलांवर जमरूद, आणि तेथूनच खैबरची खिंड सुरू होते. होळकर व शिंदे या घराण्यांच्या सरदारांची नावे ज्या मुलखाशी जोडली गेली, तो मुलूख इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांस तरी केवळ वाक्प्रचारापुरता असू नये.

पेशावरला आपण सरहद्दीवरील शहर म्हणतो. आज ते खरे आहे. परंतु पेशावरच्या इतिहासाची वये लावली तर सरहद्द हे त्याचे अगदी अलीकडचे भूषण किंवा दूषण आहे असे दिसते. सुमारे दोन हजार वर्षे हे शहर जगले ते सरहद्दीवर नव्हे, खिंडीच्या तोंडाशी. हा भेद शब्दांचा नाही. खिंड वाटाघाटीवर चालते. तिच्यात जाणाऱ्याचा, अडविणाऱ्याचा आणि जाऊ देणाऱ्याचा, तिघांचाही वाटा असतो. सरहद्दीला दोनच बाजू असतात. पहिल्या अवस्थेतून दुसरीत जाताना या शहराचे काय झाले, हे पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. कुशाणांच्या काळी हे पुरुषपुर होते. अल्-बीरुनी व बाबर यांच्या लेखनात त्या नावाची झिजलेली रूपे आढळतात. सध्याचे रूप अकबराने रूढ केले, आणि फारसीतील 'पेश' म्हणजे 'पुढचे' या शब्दावरून सीमेवरचे ठाणे या अर्थाने ते योजले, अशी एक समजूत आहे. ज्या शब्दापासून आपला 'पेशवा' आला त्याच शब्दाशी पेशावरचे नाते जुळते, हे ऐकावयास मोठे गोड वाटते. परंतु पुरुषपुर, परशावर, पेशावर अशी उच्चाराची पायवाट सरळ दिसत असता फारसी व्युत्पत्तीच्या आडरानात शिरण्याचे कारण नाही.

खैबर हा हिंदुस्थानात उतरण्याचा सनातन राजमार्ग होता, हीही एक अशीच सोयीची समजूत. सिकंदराच्या सैन्याचा एक मोठा भाग काबूल नदीच्या आश्रयाने उतरला तो पुष्कलावतीकडे, म्हणजे आजच्या चारसद्द्याकडे. गांधाराची जुनी राजधानी तीच. तेथून निघणारा रस्ता सिंधूकाठच्या उदभांडपुरास, म्हणजे आजच्या हुंड गावाशी, उतारावर पोहोचत असे. कुशाणांनी राजधानी पुष्कलावतीहून पुरुषपुरास आणली तेव्हा पेशावरचे भाग्य उघडले. पुढे अकबराने १५८१ नंतर सिंधूवर अटकेचा किल्ला बांधला व खैबरची वाट गाड्या जाण्याजोगी करविली, तेव्हा ते पक्के झाले. नदीचा उतार कोठे आणि डोंगराची वाट कोठे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर या प्रदेशातील राजधान्या उठल्या आणि बसल्या.

कनिष्काच्या स्तूपाची कीर्ती फार मोठी होती. इसवी सन ४०० च्या सुमारास आलेल्या फाहियानने त्याच्या तोडीचा स्तूप जंबुद्वीपात नाही असे ऐकले व लिहिले. सवादोनशे वर्षांनी ह्युएनत्संग आला तेव्हा नगर ओस पडले होते. एका कोपऱ्यात हजारेक कुटुंबे कशीबशी नांदत होती. १९०८-०९ मध्ये स्पूनर यांनी शाहजी की ढेरी येथे उत्खनन केले, तेव्हा त्या स्तूपाचा पाया व धातूचा करंडक हाती आला. करंडक पेशावरच्या संग्रहालयात राहिला आणि त्यातील अस्थी ब्रह्मदेशात मंडालेस गेल्या. मंडाले म्हटले की आपल्याला दुसरेच स्मरण होते. ज्या काळात लोकमान्य टिळक तेथील तुरुंगात होते, त्याच सुमारास या अस्थी तेथे पोहोचल्या.

जुन्या शहरातील उंचवट्यावर गोरखत्री नावाचे आवार आहे. बाबराने १५०५ मध्ये खैबर उतरल्यावर या ठिकाणाची कीर्ती ऐकली, पण त्याला ते पाहावयास मिळाले १५१९ साली. शाहजहानची कन्या जहाँआरा हिने तेथे प्रवाशांसाठी सराई बांधविली. शिखांच्या अमलात तेथे गोरखनाथाचे मंदिर उभे राहिले. अनेक वर्षे बंद असलेले हे मंदिर २०११ मध्ये पूजेसाठी पुन्हा उघडले. गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही परंपरा ज्ञानेश्वरीच्या वाचकास सांगावयास नको. नाथपंथाच्या वाटा सह्याद्रीपासून खैबरपर्यंत पसरल्या होत्या आणि त्या पंथाचे जोगी कोणत्याही राजाचा परवाना न घेता त्या वाटांनी फिरत, एवढे येथे ध्यानात घेतले तरी पुरे.

आता खिंडीच्या अर्थकारणाकडे वळू. कारण शहराचा प्राण तेथे आहे. खैबरच्या दोन्ही कड्यांवर आफ्रिदी, शिनवारी इत्यादी टोळ्यांची वस्ती. जमीन खडकाळ, पाऊस तुटपुंजा. वाटेवरून जाणाऱ्या काफिल्यांकडून घेतलेला कर हेच तेथील मोठे पीक. काफिला सुखरूप पार करून देण्याची हमी आणि त्या हमीचे मोल, असा हा व्यवहार होता. त्याला लूट म्हणणे परकी लेखकांस सोपे गेले. चौथाईचा अर्थ ज्याला कळतो त्या मराठी वाचकाने तरी त्या शब्दावर थांबून विचार करावा. मोगल बादशहा, पुढे अहमदशहा अब्दाली आणि त्याहीपुढे इंग्रज, या सर्वांनी खैबरच्या टोळ्यांस सालीना नेमणुका दिल्या. दिल्लीचा किंवा काबूलचा अधिपती आपण सार्वभौम असल्याचे कितीही सांगो, खिंडीत त्याला पैसे मोजावे लागत. जेव्हा हा हिशेब बिघडला तेव्हा खिंड बंद झाली, आणि खिंड बंद झाली की पेशावरच्या सराया रिकाम्या पडल्या.

हा हिशेब १६७२ साली बिघडला. काबूलचा सुभेदार मुहंमद अमीनखान याची फौज खैबरात कापली गेली. आफ्रिदींचा पुढारी ऐमलखान आणि खटकांचा कविसरदार खुशालखान यांच्या उठावाने सारा डोंगरी मुलूख पेटला. १६७४ च्या वसंतात औरंगजेब स्वतः निघाला आणि अटकेच्या अलीकडे हसन अब्दाल येथे तळ देऊन वर्षाहून अधिक काळ बसला. त्याच वर्षी ज्येष्ठ महिन्यात, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. दक्षिणेतील कसलेले सरदार व सैन्य उत्तरेकडे खेचले गेले होते आणि त्यामुळे महाराजांना सवड मिळाली, हे जदुनाथ सरकारांनी दाखविले आहे. राज्याभिषेकाचे श्रेय कोणी खैबरच्या टोळ्यांना देणार नाही. तथापि एका साम्राज्याच्या दोन टोकांस दोन डोंगरी समाज एकाच वेळी उभे होते आणि त्यांना परस्परांची ओळखही नव्हती, हे दृश्य इतिहासाच्या शिक्षकाने वर्गात अवश्य मांडावे.

पुढच्या शतकात नादिरशहाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. १७३८ च्या नोव्हेंबरात मोगल सुभेदार नासिरखान खैबर अडवून बसला असता नादिर आडवाटेने डोंगर ओलांडून त्याच्या पिछाडीस उतरला. खिंडीत बसलेल्यास वाटते की वाट एकच आहे. वाटा मात्र पुष्कळ असतात. पेशावर पडले, आणि तीन महिन्यांत कर्नालच्या रणावर दिल्लीही पडली.

मराठ्यांचा प्रवेश वीस वर्षांनी झाला. अदिना बेगच्या बोलावण्यावरून रघुनाथराव व मल्हारराव पंजाबात उतरले. मार्च १७५८ मध्ये सरहिंद व एप्रिलमध्ये लाहोर हाती आले. अब्दालीचा पुत्र तैमूर व सेनापती जहानखान पश्चिमेकडे पळाले. ४ मे १७५८ रोजी रघुनाथरावांनी लाहोराहून नानासाहेबांस लिहिलेल्या पत्रात अटकेपलीकडे, थेट कंदाहारापर्यंत हात पोचविण्याची उमेद दिसते. पुढे रघुनाथराव परतले. तुकोजी होळकर, साबाजी शिंदे यांच्या तुकड्यांची नावे अटक व पेशावर या ठाण्यांशी जोडली जातात. पेशावरात नेमके कोण, केव्हा व किती दिवस होते, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. मला त्या वादापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. सिंधूपलीकडचे ठाणे टिकवावयाचे तर किल्ल्यातील शिबंदी पुरत नाही; डोंगरातील टोळ्यांशी सालीना करार लागतो, व्यापाऱ्यांचा विश्वास लागतो आणि पाठीशी भरलेला खजिना लागतो. पुण्याहून कर्ज काढून निघालेल्या मोहिमेपाशी यांतील एकही गोष्ट नव्हती. १७५९ च्या उत्तरार्धात अब्दाली परतला तेव्हा ती ठाणी उठली, आणि पुढचे पानिपत सर्वांस ठाऊक आहे.

अब्दालीच्या वंशजांनी पेशावरला हिवाळ्याची राजधानी केले. याच काळातील शहराचे उत्तम चित्र ज्याने रेखाटले तो लेखक आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. परिचय अर्थात सुखाचा नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. असईच्या लढाईत वेलस्लीजवळ असलेला, नागपूरचा रेसिडेंट राहिलेला हा गृहस्थ फेब्रुवारी १८०९ मध्ये शाह शुजाच्या दरबारी वकील म्हणून पेशावरास आला. नेपोलियनच्या भीतीने इंग्रजांस काबूलची मैत्री हवी होती. शाहाच्या बाहूवर कोहिनूर त्याने पाहिला. पण त्याचे खरे डोळे उघडे होते ते बाजारात. सुमारे एक लाख वस्ती. लाकडी चौकटीत कच्च्या विटा भरून उभारलेली तीन तीन मजली घरे, तळमजल्यावर दुकाने. फरसबंद पण अरुंद गल्ल्या, मधोमध वाहणारे गटार. पितळी पेला वाजवीत पाणी विकणारे, ताज्या भाजीची आरोळी ठोकणारे. इराणी, ताजिक, उझबेक, अफगाण आणि खैबरचे डोंगरी लोक एकाच रस्त्यात. शहरातले बहुसंख्य रहिवासी मात्र हिंदी वंशाचे, घरची हिंदी बोली व पश्तू अशा दोन्ही भाषा बोलणारे. मैदानात प्लम व पीच यांना आलेला वसंताचा बहर. १८१५ साली, तो पुण्यास रेसिडेंट असतानाच, त्याचा काबूलच्या राज्यावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आणि तीनच वर्षांत पेशवाईची अखेर त्याच्या डोळ्यांदेखत, किंबहुना त्याच्या हातून, झाली. ज्या दरबाराशी तह करावयास तो पेशावरला गेला होता तोही त्या वर्षाचा उन्हाळा ओलांडू शकला नाही. शाह शुजाचे तख्त गेले.

शिखांच्या अमलाविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल. १८२३ मध्ये नौशहराची लढाई, १८३४ मध्ये पेशावर खालसा, १८३७ मध्ये जमरूदच्या रणात हरिसिंग नलव्याचा मृत्यू. त्यानंतर आविताबिले नावाच्या नेपल्सच्या सेनापतीने चार वर्षे सुभेदारी केली. गोरखत्रीत बसून तो फाशीच्या दोरांवर राज्य चालवी. लोकांनी त्याचे नाव अबू तबेला करून टाकले. १८४९ साली शिखांचे राज्य गेले आणि पेशावर इंग्रजांकडे आले.

इंग्रजी अमलाच्या पहिल्या चाळीस वर्षांत खिंडीची जुनी रीत बऱ्याच अंशी चालू राहिली. १८८१ साली आफ्रिदींशी करार होऊन नेमणुका ठरल्या. काफिल्यांसाठी मंगळवार व शुक्रवार हे दोन वार नेमून दिले होते. त्या दिवशी कड्यांवर पहारे बसत. शरद ऋतूत पोविंदे म्हणजे फिरते व्यापारी आपली कुटुंबे, उंट व मेंढरे घेऊन उतरत आणि वसंतात परत चढत. वरून सुका मेवा, लोकर, घोडे आणि आपल्या फोडणीतला हिंग येई. खालून कापड, नीळ, साखर जाई, आणि मुंबई बंदरात उतरलेला चिनी हिरवा चहाही याच वाटेने काबूल-बुखाऱ्याकडे चढे. या व्यापारावर सेठी घराण्याने पेशावरात जे वाडे बांधले ते आजही पाहावयास मिळतात. कोरीव लाकडाची दालने, रंगीत काचा, उन्हाळ्यासाठी तळघरे. सगळ्या कारागिरीत बुखाऱ्याची छाया. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली, मध्य आशियातील पेढ्या बुडाल्या, आणि वाड्यांचे मालक वाड्यांएवढे श्रीमंत राहिले नाहीत.

मधल्या काळात रेषा आखली गेली होती. १२ नोव्हेंबर १८९३ रोजी काबूल येथे अमीर अब्दुर रहमान आणि सर मॉर्टिमर ड्युरँड यांनी करारावर सह्या केल्या. एका टोळीची कुरणे एका बाजूस व गावे दुसऱ्या बाजूस, असे अनेक ठिकाणी झाले. चौथ्या वर्षी, ऑगस्ट १८९७ मध्ये, आफ्रिदींनी लंडी कोतलसह खैबरची ठाणी जाळली. त्यांच्या दंडासाठी तिराहची मोठी मोहीम निघाली. १९०१ साली कर्झनने वायव्य सरहद्द प्रांत निर्माण करून पेशावरला त्याची राजधानी केले, तेव्हा 'सरहद्द' हा शब्द शहराच्या कपाळी सरकारी शिक्क्याने उमटला.

४ नोव्हेंबर १९२५ रोजी खैबरची रेल्वे लंडी कोतलपर्यंत सुरू झाली. ३४ बोगदे, ९२ पूल व मोऱ्या. ही रेल्वे म्हणजे अभियंत्याच्या कौशल्याचा विजय होता यात शंका नाही. परंतु ती व्यापारासाठी बांधलेली नव्हती, लष्करासाठी होती. पुढचा फाटा अफगाण हद्दीजवळ लंडी खान्यापर्यंत १९२६ मध्ये गेला आणि १९३२ मध्ये बंद झाला. उंट रेल्वेच्या शेजारून आपल्या वेगळ्या रस्त्याने चालतच राहिले. २००६ च्या पुरात मार्ग वाहून गेला, तेव्हापासून या लोहमार्गावर गाडी धावलेली नाही.

शहराच्या अंतरंगाची ओळख किस्सा ख्वानी बाजाराशिवाय होत नाही. काफिल्यांतले लोक रात्री कहवा पीत बसत आणि व्यवसायाने कथेकरी असलेले लोक त्यांना किस्से ऐकवीत, म्हणून हे नाव. तटाच्या आतल्या जुन्या शहराची भाषा हिंदको; तटाबाहेरच्या साऱ्या मुलखाची पश्तू. दरबाराची व ग्रंथांची कधी फारसी, कधी उर्दू. उर्दूतील श्रेष्ठ विनोदकार पतरस बुखारी १८९८ साली येथेच जन्मले. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी, ही अवस्था बेळगाव, हैदराबाद किंवा बडोदे येथील मराठी माणसास समजावून सांगावी लागणार नाही. अशा शहरांत भाषा जगते ती कथेवर, आणि कथा जगते ती वर्दळीवर. वर्दळ आटली तसे किस्सा ख्वानीतले कथेकरीही गेले. उरले ते नाव.

याच बाजारात २३ एप्रिल १९३० रोजी निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. गढवाली पलटणीतील चंद्रसिंग आणि त्याच्या सोबत्यांनी गोळी झाडण्यास नकार दिला व दीर्घ शिक्षा भोगल्या. अकरा वर्षांनी, जानेवारी १९४१ मध्ये, सुभाषबाबू पठाणी वेषात पेशावरच्या छावणी स्थानकावर उतरले आणि भगतराम तलवारांच्या सोबतीने डोंगरवाटेने काबूलकडे गेले. लष्करी खिंड टाळून गेले, हे लक्षात घ्यावे. नादिरशहाचाच धडा.

फाळणीने शहरातील हिंदू व शीख यांतील बहुतेकांस घालविले. त्यापूर्वीच काही पेशावरी कुटुंबे मुंबईस आली होती. फळांचा व्यापार करणाऱ्या एका पठाण कुटुंबाने नाशिकजवळ देवळालीस बिऱ्हाड केले. त्यातील युसुफखान पुण्याच्या लष्करी क्लबाच्या उपाहारगृहात काही काळ काम करून पुढे दिलीपकुमार या नावाने प्रसिद्ध झाला. त्याचा जन्म १९२२ चा आणि राज कपूरचा १९२४ चा. दोघांचीही घरे किस्सा ख्वानीच्या परिसरात. पेशावरचे कथेकरी कोठे गेले, या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईत सापडते म्हणावयास हरकत नाही.

१९४७ नंतर रेषेच्या दोन्ही बाजूंस दोन सार्वभौम राष्ट्रे आली, आणि काबूलने ती रेषा मान्य केली नाही. १९६१ च्या सप्टेंबरपासून १९६३ च्या मेपर्यंत सीमा बंद राहिली. ऐन हंगामात अफगाण द्राक्षे अडकली. काही विमानाने हिंदुस्थानात पाठवावी लागली. १ मे १९६० रोजी रशियावर पाडले गेलेले अमेरिकेचे टेहळणी विमान पेशावरजवळच्या तळावरून उडाले होते. म्हणजे ज्या मैदानातून उंट उत्तरेकडे जात, तेथून आता कॅमेरे जाऊ लागले होते.

१९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि पेशावर पुन्हा एकदा गजबजले, पण ती गजबज काफिल्यांची नव्हती. पाकिस्तानात आलेल्या निर्वासितांची संख्या पुढील दशकात तीस लाखांवर गेली. त्यांच्या छावण्या शहराभोवती उठल्या. मुजाहिदांच्या सात पक्षांची कचेरी येथे, शस्त्रांची आवक येथे, हेरांचे अड्डे येथे. त्याचबरोबर गालिच्यांचे विणकरही आले आणि पुढे तालिबानांनी संगीतबंदी केल्यावर काबूलचे गवईही. दबगरी बाजारात काही वर्षे त्यांच्या रबाबाचे सूर ऐकू येत. २००२ नंतर तेथूनही त्यांना उठावे लागले. युद्धाचे मोल शहराने पुढे रक्ताने चुकविले. १६ डिसेंबर २०१४ रोजी एका शाळेवरील हल्ल्यात १४० हून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बहुतेक मुले होती. शिक्षकांनी वाचावयाच्या नियतकालिकात याहून अधिक लिहिवत नाही.

१ जून २०१६ पासून तोरखमच्या नाक्यावर पारपत्र व प्रवेशपत्र आवश्यक झाले. तोपर्यंत तेथील टोळ्यांचे लोक लग्नासाठी, औषधासाठी, मेंढ्यांच्या सौद्यासाठी सहज जा-ये करीत. पुढच्या वर्षी तारेचे कुंपण घालण्यास प्रारंभ झाला. २०१८ मध्ये खैबरचा आदिवासी मुलूख प्रांतात विलीन झाला आणि सालीना नेमणुकांच्या परंपरेतून आलेली शासनाची जुनी पद्धत संपली. ती पद्धत न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. एकाच्या अपराधासाठी साऱ्या टोळीस शिक्षा करण्याचा कायदा तिच्यात होता आणि तो गेला हे चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर खिंडीच्या व्यवहारातला तिसरा वाटेकरीही कागदावरून नाहीसा झाला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या फौजांत चकमकी झडल्या आणि तोरखमचे दरवाजे पुन्हा लागले. रस्त्यावर मालमोटारींची रांग थांबून राहिली, आणि पेशावरच्या बाजारात अफगाण द्राक्षे व डाळिंबे येईनाशी झाली.